मेळघाटातल्या तळ्याकाठचा उन्हाळी मुक्काम आणि डास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल-मेमध्ये पाठीवर पिशवी टाकून चिखलदरा, सेमाडोह, कोलकास या पट्ट्यात चालायला येणाऱ्यांची संख्या वाढते आहे. येण्याआधी ही मंडळी वाघ-अस्वलाचं विचारतात, पाण्याचं विचारतात, आणि पहिली रात्र काढली की डासांचं विचारतात. उत्तरं मेळघाट डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. पूर्व विदर्भात नवेगावबांध, इटियाडोह या तलावांच्या बाजूला जाणार असाल तर त्यासाठी खाली वेगळा प्रश्न आहे.

विदर्भाच्या उन्हाळ्यात डास जगतात तरी कसे?

अमरावती-अकोल्याच्या मैदानात पारा ४४-४५ वर गेला की कोरड्या हवेत डास फार दिवस तग धरत नाहीत, हे खरं आहे. दिवसा उघड्यावर ते दिसतही नाहीत. पण पाण्याजवळची गोष्ट वेगळी. जांभूळ-अर्जुनाच्या दाट सावलीत, काठच्या ओल्या गवतात, दगडांच्या कपारीत ते दिवसभर दडून बसतात आणि ऊन उतरलं की बाहेर पडतात. चिखलदरा समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटरवर आहे. तिथली रात्र पायथ्याच्या परतवाड्यापेक्षा बरीच थंड असते. आपल्याला ती सुखाची वाटते आणि डासांनाही मानवते.

उलट पावसाळ्याशी तुलना केली तर उन्हाळ्यात डास कमीच. विदर्भात मलेरियाचा जोर पावसाला सुरुवात झाल्यापासून पुढे दिवाळीच्या आसपासपर्यंत असतो. म्हणून घाबरून बेत रद्द करू नका, पण निष्काळजीपणे येऊही नका.

तळं जितकं मोठं तितके डास जास्त, असं असतं का?

नाही. मोठ्या, उघड्या पाण्यात वाऱ्याने लाटा उठतात, मासे असतात, चतुराची पिल्लं असतात, आणि हे सगळे डासांच्या अळ्या खातात. शक्कर तलावाच्या किंवा काळापाणी तलावाच्या मधोमध डासांची पैदास होत नाही. ती होते काठाला.

उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं आणि मागे डबकी राहतात. गाई-म्हशी पाण्यावर येतात, त्यांच्या खुरांचे खड्डे चिखलात उमटतात आणि त्यात ओंजळभर पाणी साचतं. सकाळच्या उन्हात असा एखादा खड्डा उकिडवं बसून नीट पाहा. पाण्यात बारीक, काडीच्या टोकाएवढ्या अळ्या दिसतील. हाताची सावली पडली की त्या वळवळत तळाला जातात आणि थोड्या वेळाने श्वास घ्यायला पुन्हा वर येतात. पृष्ठभागाला समांतर, आडव्या तरंगत असतील तर त्या ॲनोफिलीसच्या, म्हणजे मलेरिया पसरवणाऱ्या डासाच्या जातीतल्या. शेपटीकडची नळी वर आणि डोकं खाली अशा तिरप्या लटकत असतील तर क्युलेक्स किंवा एडिस. उन्हाळी तापमानात अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

मुक्कामाची जागा ठरवण्याआधी हे पाहायला पाच मिनिटं लागतात, आणि रात्र कशी जाणार याचा अंदाज येतो.

मग त्या डबक्यात रॉकेल किंवा जळकं ऑइल ओतलं तर?

अजिबात ओतू नका. गावातल्या गटारावरचा हा जुना उपाय कुणीतरी सांगतं आणि शहरातली पोरं बाटली घेऊन येतात. मे महिन्यात जंगलातल्या पाणवठ्यांचं पाणी आटत चाललेलं असतं. त्या डबक्यावर रात्री सांबर येतं, अस्वल येतं, मधमाश्या दिवसभर येतात, आणि कधीकधी ढोरक्याही, म्हणजे गुराखीही, तिथेच तोंड धुतो. आपल्या एका रात्रीच्या झोपेसाठी ते पाणी नासवायचा आपल्याला हक्क नाही. डासांचा बंदोबस्त आपल्या अंगापुरता आणि अंथरुणापुरता करायचा, जंगलावर करायचा नाही. या पानावरची बाकी सगळी उत्तरं याच विचाराने दिलेली आहेत.

तंबू पाण्यापासून किती लांब लावावा?

आधी परवानगी. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये घोषित झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. तिथे मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. वन विभागाने ठरवून दिलेल्या जागी, म्हणजे सेमाडोह, कोलकाससारख्या संकुलांत, किंवा जंगलाबाहेर गावात, मालकाला विचारून त्याच्या शेतात राहायचं.

जागा निवडायची मुभा असेल तेव्हा पाण्याच्या काठाला चिकटून राहू नका. निदान दोन-तीनशे पावलं लांब आणि थोडं उंचावर जा. डास दूरवर उडू शकतो, ॲनोफिलीस तर किलोमीटरभर सहज येतो, त्यामुळे लांब गेलात की डास संपले असं होणार नाही. पण उडण्यात तो कमजोर आहे, आणि साधी झुळूक वाहत असली तरी त्याला अंगावर नीट उतरता येत नाही. म्हणून अंतरापेक्षा वारा जास्त महत्त्वाचा. टेकाडाचा उघडा माथा, धुऱ्याजवळची, म्हणजे शेताच्या बांधाजवळची, मोकळी जागा चांगली. नाल्याचा खोलगट भाग, बेशरमाच्या झुडपांची दाटी, बांबूचं बेट टाळा. तंबूचं जाळीचं दार वाऱ्याकडे करा.

गुरांच्या गोठ्याशेजारी झोपू नका. आपल्याकडे मलेरिया पसरवणारा मुख्य डास, ॲनोफिलीस क्युलिसिफेसीस, जनावरांच्या रक्तावर जास्त पोसला जातो. तो गोठ्याकडे ओढला जातो, आणि शेजारी माणूस मिळाला तर त्यालाही सोडत नाही.

काठापासून लांब राहण्याचं दुसरं कारण इथल्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा. "पान्यापाशी झोपू नोका बावा, रातच्यानं जनावर येते पान्यावर." उन्हाळ्यात हे वाक्य तंतोतंत पाळा.

डास नेमके कोणत्या वेळी चावतात?

डेंग्यू-चिकुनगुनियाचा एडिस दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यानंतरचे एक-दोन तास आणि संध्याकाळी मावळतीच्या आधी त्याचा जोर असतो. तो घोट्याजवळ, पायाच्या मागच्या बाजूला चावतो आणि आवाज फारसा करत नाही. मलेरियाचा ॲनोफिलीस रात्रीचा. क्युलेक्सही रात्रीचा, मध्यरात्रीच्या सुमारास तो जास्त त्रास देतो.

तळ्याकाठी सगळ्यात वाईट वेळ म्हणजे सूर्य मावळल्यानंतरचा तास-दीड तास. दिवसभराचा वारा नेमका तेव्हा पडतो. आणि नेमका तेव्हाच माणूस थकून, बूट काढून, बाह्या वर करून चुलीपाशी बसलेला असतो. स्वयंपाक उजेडात आटोपून घ्या. भांडी, पाणी भरणं, आंघोळ हे सगळं पाच-साडेपाचपर्यंत उरका. मावळतीला अंगात पूर्ण कपडे असले पाहिजेत.

एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्या कोण घालणार?

शेतात राबणारा प्रत्येक माणूस घालतो. सैल, फिक्या रंगाचा, दाट विणीचा सुती सदरा उघड्या अंगापेक्षा थंड राहतो, कारण ऊन अंगावर येत नाही आणि घाम कापडातच वाळतो. अंगाला घट्ट बसणारे ताणाचे कपडे घालू नका, त्यातून डास आरामात सोंड खुपसतो. काळा आणि गडद निळा रंग टाळा. डास गडद रंगाकडे जास्त येतात.

पॅन्ट मोज्यात खोचा. डोक्याला आणि मानेला दुपट्टा. आपल्याकडे उन्हासाठी बांधतात तसाच कान-मान झाकून बांधला की कानाशी होणारी गुणगुण अर्धी कमी होते. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी मिळते, तिचं वजन काहीच नसतं. पक्षी पाहायला तळ्याकाठी तासन्‌तास बसणार असाल तर ती घ्याच.

कोणतं मलम चांगलं?

नाव पाहू नका, डबीवरचा घटक वाचा. डीट किंवा पिकारिडिन असेल तर भरवसा ठेवायला हरकत नाही. आपल्या किराणा दुकानात मिळणाऱ्या मलमांत बऱ्याचदा डायइथाइल बेंझामाइड असतं, तेही चालतं, फक्त पुन्हा लवकर लावावं लागतं. डीटचं प्रमाण १० टक्के असेल तर साधारण दोन तास, २० ते ३० टक्के असेल तर चार-सहा तास परिणाम टिकतो. ५० टक्क्यांच्या पुढे प्रमाण वाढवून जास्त काही मिळत नाही. शिवाय हे आकडे घाम न येणाऱ्या माणसाचे समजा. पाठीवर दहा किलो घेऊन गाविलगड चढणाऱ्याने ते निम्मे धरावेत.

लावताना उघड्या कातडीवर सगळीकडे सारखं पसरा. डास एखादा बोटभर सुटलेला भागही शोधून काढतो. कान, मान, घोटे, पायाचा वरचा भाग इथे लोक हमखास विसरतात. उन्हाचं मलम वापरत असाल तर ते आधी लावा, ते मुरल्यावर डासांचं. कपड्यांच्या आत, जखमेवर, ओठ-डोळ्यांजवळ लावू नका. डीटने प्लास्टिक विरघळतं, म्हणून चष्म्याची काच, घड्याळाचा पट्टा, दुर्बिणीची मूठ धरण्याआधी तळवे पुसा.

आणि एक कळकळीची विनंती. मलम लावून तळ्यात उतरू नका. पाणी भरून काठापासून लांब न्या, तिथे हातपाय धुवा, मग जा.

कडुलिंब, करंज, लसूण, मोबाइलचं ॲप?

खोबरेल तेलात कडुलिंबाचं तेल मिसळून लावलं तर रात्रीच्या ॲनोफिलीसपासून काही तास बरं संरक्षण मिळतं, एडिसवर मात्र त्याचा प्रभाव कमी. करंजाचं तेलही लोक लावतात. वास सोसत असेल तर लावा, मलम संपल्यावर काहीच नसण्यापेक्षा ते बरं. गवती चहाचं तेल झटकन उडून जातं, अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा लावावं लागतं.

लसूण खाऊन किंवा जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन डास दूर राहत नाहीत. आवाज काढणाऱ्या ॲपने तर काहीच होत नाही, बॅटरी तेवढी संपते, आणि जंगलात ती जपायची असते. मनगटातल्या सुगंधी पट्ट्या मनगटापुरत्याच.

कडुलिंबाचा पाला टाकून धूर केला तर चालेल ना? गावात सगळे करतात.

गावात, अंगणात, चुलीच्या शेजारी करतात, आणि पाण्याची बादली हाताशी ठेवून करतात. निरगुडीचा, कडुलिंबाचा, गोवरीचा धूर डासांना काही वेळ दूर ठेवतो हेही खरं आहे. पण उन्हाळ्यातल्या सागवनात धूर करणं ही वेगळी गोष्ट आहे.

फेब्रुवारीपासून मेळघाटचा साग पानं गाळतो. एप्रिलपर्यंत जमिनीवर घोट्याएवढा वाळलेला पाला साचतो, गवत काडीसारखं वाळतं, आणि दुपारी वारा कोणत्याही दिशेने फिरतो. वन विभागाची माणसं जाळरेषा काढून, पहारे देऊन हे जंगल पाऊस येईपर्यंत राखतात. वणवा लागला तर मोराची-तितराची अंडी, रांगणारे जीव आणि सागाची-मोहाची नवी रोपं जळतात. मोहफुलं आणि तेंदूपानं यांवर ज्यांचं वर्षाचं मीठमिरची चालतं त्या कोरकू आदिवासी घरांचा हंगाम जातो. राखीव वनात आग पेटवणं १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे, अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसारही. पण कायदा नसता तरी हेच सांगितलं असतं.

आणखी एक धोका. कड्याच्या कपारीत, उंच झाडांवर आग्या मोहोळं असतात. खालून धूर गेला की माश्या उठतात, आणि त्यांच्यापासून पळायला जागा नसते. उग्र अत्तरही टाळा.

तंबूत कॉइल लावली तर?

नको. बंद जागेत तिचा धूर तुमच्याच छातीत जातो, नायलॉनला ठिणगी लागली तर तंबू काही क्षणांत पेटतो. उघड्या व्हरांड्यात, फरशीवर, ताटलीत ठेवून लावायला हरकत नाही.

तंबू बरा की मच्छरदाणी?

उन्हाळ्यात आमचं मत मच्छरदाणीकडे झुकतं. तंबूत रात्री दहापर्यंत भट्टी असते. तंबूच न्यायचा असेल तर पूर्ण जाळीचा आतला भाग तेवढा लावा, वरचं पावसाचं आवरण पिशवीत हाताशी ठेवा, कारण मे महिन्यात वळवाची सर सांगून येत नाही.

गावात मुक्काम असेल तर बाज मागा, मिळतेच. चार काठ्या बांधून त्यावर मच्छरदाणी ताणा आणि कडा गादीखाली खोचा. जाळी अंगाला टेकता कामा नये. कोपर किंवा गुडघा जाळीला लागला की डास बाहेर बसून तिथेच चावतो. झोपण्याआधी आत बसून बॅटरीच्या उजेडात चारही कोपरे पाहा. आत अडकलेला एक डास बाहेरच्या शंभरांपेक्षा जास्त त्रास देतो. झाडाला टांगायचा झुला वापरत असाल तर खालून चावतात, त्यामुळे पाठीखाली जाड सतरंजी घाला.

गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागात आरोग्य विभाग औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटतो. कुणी तुम्हाला वापरायला दिली तर ती तळ्यात किंवा नाल्यात धुऊ नका. ते औषध माशांना मारतं.

लॉजवर राहिलो तर डासांचा प्रश्न सुटला ना?

आधी खोलीतला कूलर उघडून पाहा. वाळ्याच्या ताटीमागे आठ-आठ दिवस न बदललेलं पाणी म्हणजे एडिसची पैदास-शाळा. मालकाला सांगून टाकी रिकामी करायला लावा, आतल्या बाजू घासायला लावा, कारण एडिसची अंडी भिंतीला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने मरत नाहीत. पाणी भरलं की पुन्हा अळ्या. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं आरोग्य खातं सांगतं ते याचसाठी. गावातले उघडे ड्रम, रांजण, पक्ष्यांसाठी ठेवलेली परळं यांचंही तेच.

रात्री न गुणगुणता, जाळीतूनही काहीतरी चावतं. ते काय?

बहुधा वाळूमाशी. डासापेक्षा पुष्कळ लहान, दोन-तीन मिलिमीटरची, केसाळ, उड्या मारल्यासारखी उडते. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रातून ती आत येते. तिची पैदास पाण्यात होत नाही, ती मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यातल्या ओलसर शेणामातीत वाढते. चांदीपुरा विषाणू याच माशीमुळे पसरतो. तो १९६५ मध्ये आपल्या नागपूरच्या चांदीपुरा भागात पहिल्यांदा सापडला, म्हणून ते नाव. हा आजार मुख्यतः मुलांना होतो आणि फार वेगाने वाढतो. लहान मुलाला अचानक तीव्र ताप, उलट्या, झटके असं काही झालं तर वाट न पाहता दवाखाना गाठा. भेगाळलेल्या भिंतीला लागून झोपू नका, जमिनीवर न झोपता बाजेवर झोपा, जाळी जितकी बारीक तितकी चांगली.

सकाळी अंगाला चिकटून बसलेलं काही सापडलं तर ते गोचीड. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, चुरगळू नका.

लहान मुलं बरोबर असतील तर?

दोन महिन्यांखालच्या बाळाला डीट लावत नाहीत, त्याला जाळीतच ठेवा. मोठ्या मुलांना मलम मोठ्या माणसाने लावावं, मुलांच्या हातांना लावू नये, कारण ते हात तोंडात जातात. गरोदर बाईकडे डास जास्त येतात, आणि मलेरिया तिला जास्त धोक्याचा असतो. डासांचा भाग असेल तर तिने हा प्रवास पुढे ढकलावा असंच आम्ही सांगू.

नवेगावबांध, इटियाडोह किंवा मामा तलावांकडे जायचं असेल तर काय वेगळं?

बरंच वेगळं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा तळ्यांचा मुलूख. कोहळी समाजाने बांधलेले माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव, बोड्या म्हणजे लहान तळी, आणि सगळीकडे धान. तिथे उंचवटा कमी, दमटपणा जास्त. उन्हाळी धान लावलं असेल तर मे महिन्यातही बांध्यांत, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, पाणी उभं असतं, आणि धानाच्या पाण्यातला क्युलेक्स मेंदूज्वराचा वाहक आहे. हत्तीपायाचा आजारही या जिल्ह्यांत जुना आहे, तोही क्युलेक्सचाच. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मलेरिया राज्यात सगळ्यात जास्त, आणि त्यात फॅल्सिपेरम हा गंभीर प्रकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. तिकडे मच्छरदाणीशिवाय एकही रात्र काढू नका, उन्हाळ्यातसुद्धा.

मलेरियाच्या गोळ्या आधीच घेऊन ठेवाव्यात का?

स्वतःच्या मनाने नाही. गडचिरोलीच्या आतल्या भागात राहणार असाल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, ते तुमची प्रकृती पाहून ठरवतील.

चावलेल्या जागी खूप खाज सुटते, काय लावू?

गार पाण्याची पट्टी, कॅलामाइन. सूज जास्त असेल तर सेटिरिझिनची गोळी, पण तिने झोप येते, चढणीच्या दिवशी सकाळी घेऊ नका. चुना, टूथपेस्ट नको. नखं कापून या, उन्हाळ्यात खाजवलेली जखम लवकर चिघळते.

पहिला पाऊस झाल्यावर आलो तर?

जूनच्या पहिल्या सरीनंतरचा आठवडा छान असतो. त्यानंतर मात्र वाळलेल्या अंड्यांना पाणी मिळालेलं असतं आणि नवे डास एकदम बाहेर पडतात. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पातली भटकंती बरीचशी बंदही असते, चौकशी करूनच निघा.

घरी परतल्यावर ताप आला तर?

डास चावल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आलेला ताप मलेरियाचा नसतो, त्याला साधारण सात दिवसांहून अधिक लागतात, कधी महिनाही. डेंग्यूला चार ते दहा दिवस. म्हणून परतल्यावर महिनाभर कोणताही ताप अंगावर काढू नका. थंडी वाजून येणारा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंगावर पुरळ, उलट्या यांपैकी काहीही असो, त्याच दिवशी रक्त तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात मलेरियाची तपासणी मोफत होते, आणि गावात असाल तर आशाताईंकडेही. तापाला पॅरासिटामॉल घ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नका, डेंग्यू असेल तर त्याने रक्तस्राव वाढतो.

डॉक्टरांसमोर बसलात की त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका. कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या तारखेला, कोणत्या तळ्याजवळ किंवा गावात झोपलात ते आधी सांगा. पुण्या-मुंबईच्या दवाखान्यात "व्हायरल असेल" म्हणून दोन दिवस जातात, आणि फॅल्सिपेरममध्ये ते दोन दिवस महागात पडतात.